हाडातला मगज, नवा तांदूळ

साहेबांच्या जन्मशताब्दीचा अंक निघायचा आहे. संपादकाचा फोन आला, "बाई, तुम्ही त्यांच्या हाताखाली काम केलेलं. चार शब्द लिहून द्या." चार कुठले, माझ्याकडे दोनच आहेत, आणि ते छापण्यासारखे नाहीत. बघते म्हटलं आणि फोन ठेवला. स्वयंपाकघरात आले तर मूल गावाहून भाचीने पाठवलेलं तांदळाचं पोतं तोंड उघडून बसलेलं. हलक्या धानाचा नवा तांदूळ, दसऱ्याच्या सुमाराला पहिला निघतो तो. चुलीवर चढवला आणि घरभर वास सुटला, किंचित हिरवट, किंचित दुधाळ. ज्याला हा नुसता सुवास वाटतो त्याचं भाग्य थोर. माझ्या नाकाला त्याच्यामागून स्पिरिटचा वास येतो आणि साहेबांच्या कोटातल्या डांबराच्या गोळ्यांचा.

तेव्हा चंद्रपूर कोणी म्हणत नसे, चांदाच म्हणत. पन्नास सालानंतरची ती वर्षं. कोळशाची भुकटी वाळत घातलेल्या पातळांवर बसायची आणि ती झटकायला म्हणून बायका एकमेकींच्या अंगणात जाऊन तासभर बोलायच्या. परकोटाबाहेर एका धर्मादाय ट्रस्टचा दवाखाना होता. आता तो नाही, नाव सांगण्यातही अर्थ नाही. नागपूरहून डॉक्टरी पास होऊन मी तिथे लागले ती रक्त तपासायला. बाबा मूलच्या राइस मिलवर दिवाणजी होते. त्यांना गावातले लोक विचारत, "पोरगी डॉक्टर झाली म्हणता, मंग बाळंतपणं काऊन नाई करत?" बाईने काचेतून बघत बसावं हे कोणाला पटत नव्हतं. साहेबांना तर मुळीच नव्हतं, पण सूक्ष्मदर्शकाशी तासन्‌तास बसायला त्यांना स्वतःला कंबरदुखी होती.

साहेब दवाखान्याचे मुख्य डॉक्टर. पुण्याकडचे. विलायतेत काही महिने राहून आलेले, आणि काही महिन्यांची विलायत माणसाला जन्मभर कशी पुरते ते मी त्यांच्यावरून शिकले. मे महिन्यात कोट. चहाला "टी". आमच्या मुलखाला ते "तुमची ही झाडी" म्हणायचे, जणू मीच एकेक झाड लावत गेले होते. त्यांची वैद्यकी सोपी होती. ज्याची तिल्ली, म्हणजे प्लीहा, वाढलेली त्याला हिवताप, ज्याची नाही वाढली त्याला हिवताप होणार आहे. दोघांनाही कोयनेल. दहांतले नऊ बरे व्हायचे, कारण दहांतल्या नवांना खरोखर हिवतापच असायचा. यालाच ते आपला हातगुण म्हणत.

रैनू हा दहावा निघाला. धानोऱ्याच्याही पुढच्या रानातल्या एका गावचा गायता, म्हणजे गावच्या देवाचं सगळं बघणारा माणूस. वय असेल पस्तीस-चाळीस. भावाने, मनकूने, त्याला आणलं तेव्हा हिरड्यांतून रक्त येत होतं, अंगावर निळे डाग, आणि चेहरा भाकरीच्या पिठासारखा. साहेबांनी पोट दाबलं, तिल्ली लागली, कोयनेल सुरू. मी रक्ताचा थेंब काचेवर पसरला आणि बघते तर हिवतापाचं नावही नाही. कोवळ्या, ओबडधोबड पांढऱ्या पेशींची नुसती झुंबड. ल्युकेमिया. त्याच्यावर तेव्हा आमच्याकडे औषध नव्हतं. रक्त चढवायचं आणि दिवस जातील तसे जाऊ द्यायचे. मी साहेबांना दाखवलं. कुठल्याही डॉक्टरचा चेहरा पडला असता. साहेबांचा खुलला.

त्यांना असा रोगी कधीपासून हवाच होता. दिवाळीनंतर नागपूरला डॉक्टरांची सभा होती आणि तिथे साहेब बोलणार होते. विषय असा, की ल्युकेमियाच्या पेशी हाडाच्या मगजात नेहमीच्या पेशींपेक्षा भराभर विभागतात, एकीच्या दोन, दोनांच्या चार, आणि म्हणून रक्तात त्यांची गर्दी होते. ऐकणाऱ्याला चटकन पटेल असं ते होतं, आणि चटकन पटणाऱ्या गोष्टी साहेबांना फार आवडत. भाषण लिहून तयार होतं. मोजणी तेवढी राहिली होती.

मोजायचं ते असं. छातीच्या मधल्या हाडात जाड सुई रोवून मगज ओढायचा, काचपट्टीवर पसरायचा, रंग द्यायचा आणि खिडकीशी बसून एकेक पेशी बघत जायची. विभागायला निघालेली पेशी लपत नाही. तिच्या पोटातला गोळा सुटतो, त्याचे जाडसर धागे होतात, ते मधोमध रांगेला लागतात आणि मग दोन बाजूंना खेचले जातात. शेकडा पेशींत अशा किती, ते टिपायचं. रोगी मगजात किती, निरोगी मगजात किती. ते धागे बघायला मला फार आवडायचं, आजही सांगते. बाहेर बैलगाड्यांची खडखड, आश्विनातलं पिवळं ऊन सूक्ष्मदर्शकाच्या आरशावर, आणि काचेखाली एक पेशी दोन होता होता थबकलेली. त्या खिडकीशी मी सुखी होते.

ते सुखही साहेबांनी नासवलं. एका रविवारी त्यांनी गावातले वकील, सावकार, एक निवृत्त मामलेदार अशी बडी मंडळी बोलावली, विज्ञान दाखवायला. एकेकाने वाकून डोळा लावला आणि "वा, वा, काय विराट रूप आहे" म्हणून घेतलं. सगळे पेढे खाऊन गेल्यावर मी पाहिलं, तर आरसा कोणाच्या तरी बाहीने फिरलेला होता आणि काचेखाली मिट्ट काळोख. वकीलसाहेबांनी स्वतःच्या पापण्यांना विराट रूप म्हटलं होतं. त्यानंतर कोणी कशाला "वा" म्हटलं की मी आधी आरसा तपासते.

रैनूलाही मी एकदा दाखवलं. त्याने मागितलं म्हणून. दोन सुया झाल्या होत्या तोवर, छातीवर पट्टी होती. तो भिंतीला धरत आला, बराच वेळ बघत राहिला. त्याने "वा" म्हटलं नाही.

"हे माह्यं आहे का, बाई?"

"हो, तुझंच."

"मंग हे वापस कवा टाकता?"

तो समजत होता की काढलंय ते तपासून, धुऊनपुसून परत जागेवर घालतील. कोणी तसं सांगितलं नव्हतं, पण उलटही कोणी सांगितलं नव्हतं. साहेबांनी त्याच्याशी एक वाक्य धड बोललेलं मला आठवत नाही. मी म्हटलं, "ते परत नाही टाकता येत." त्याने मान हलवली आणि पुन्हा भिंत धरत खाटेवर गेला.

आणि मग त्याने जेवण सोडलं. थाळी येई तशी जाई. भाताला हात नाही, वरणाचं पाणी तेवढं प्यायचा. साहेबांनी भाषणात भर घातली, "रोगाच्या या टप्प्यावर अन्नावरची वासना समूळ नष्ट होते." समूळ नष्ट! मला ते लिहून घ्यावं लागलं. दुपारी मी भटारखान्यात गेले तर ठेकेदाराने नवा तांदूळ आणून टाकलेला. वासावरूनच कळलं. बाकी विचारायची तशी गरज नव्हती. आमच्या मूलकडेही नवं घरात आलं की आधी देवाला जातं, मगच ताटात पडतं. तरी मी रैनूला विचारलं. तो म्हणाला, "गावानं आजून नवं खाल्लं नाई, बाई. मी कसा खाऊ? मी आधी खाल्लं तं मंग देवाले काय देऊ, उष्टं?"

बाबांना निरोप धाडला. बसच्या ड्रायव्हरबरोबर जुन्या तांदळाची गठडी आली. माझ्या खोलीवर शिजवून नेला तर रैनू दोन वेळा मागून जेवला. साहेबांनी रिकामी थाळी पाहिली आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "पाहिलंत? लिव्हरच्या इंजेक्शनांचा गुण." मी "हो साहेब" म्हटलं. काही माणसांना खरं सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, आणि माझ्याकडे पाणी थोडं होतं.

पण खरी गोष्ट तांदळाची नव्हती, गावाची होती. रैनूच्या गावात हलका धान पिकून उभा होता. गायत्याने नव्या धानाचे पोहे कांडून देवापुढे ठेवल्याशिवाय गावात कोणी दाणा तोंडात घालत नाही. जुनं संपलेलं, नवं समोर उभं, आणि गायता चांद्याला छातीत सुया घेत पडलेला. मनकू आणि आणखी दोघं दवाखान्याच्या ओसरीवर बसून असायचे. काही मागायचे नाहीत. मी मनकूला विचारलं, "तूच का नाही करत नवं? भाऊच आहेस ना?"

"हा जिता आहे तोवर दुसऱ्याचा हात चालत नाई जी. धान वावरात झडून राह्यला. लेकरं कंदं खाऊन राह्यली. पण नवं खाईन कोण?"

"मग याला घेऊन का जात नाही?"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मीच खुळी. "पास कुठी दिला साहेबानं?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. ही माणसं रानातून बांबूची मोळी काढतात तर नाक्यावर पास दाखवावा लागतो. मध, डिंक, लाकूड, ज्याला सरकारचा हात लागला ते पासाशिवाय हलत नाही. मग अंगावर सरकारी वाटेल असा कोट घातलेल्या साहेबाच्या खाटेवरचा माणूस पासाशिवाय कसा हलेल? ते पासाची वाट बघत बसले होते. साहेब त्यांना बघत आणि म्हणत, "किती विश्वास आहे बघा आपल्यावर."

आता निरोगी मगज हवा होता, तुलनेला. साहेब म्हणाले, "त्या ओसरीवरच्यांतल्या एकाचा घ्या. ती माणसं ओरडत नाहीत." मी म्हटलं, "साहेब, तुमचाच घेऊ या. तुम्हाला उभ्या जन्मात हिवताप झाला नाही म्हणता." रोज सकाळी व्हरांड्यात जोर काढणारे साहेब एकदम म्हातारे झाले. म्हणाले, या वयात मगज तसा निरोगी राहत नाही. मग माझा घ्या म्हटलं, तर म्हणाले, "बायकांचं रक्त मुळात पातळ. मोजणी बिघडायची." एवढ्या मोठ्या चांद्यात निरोगी म्हणण्यालायक माणूस त्यांना मिळाला तो ओसरीवर उपाशी बसलेला मनकू.

मी मनकूला सगळं सांगितलं, दुखेल तेही. त्याने ऐकून घेतलं आणि सरळ साहेबांपुढे जाऊन उभा राहिला. "माह्या छातीत टोचा जी. पण मंग याले पास द्या." साहेब म्हणाले, "देतो, देतो." कसला पास ते त्यांनी विचारलंसुद्धा नाही. सुई त्यांनी स्वतः घातली, पहिली नीट बसली नाही म्हणून दोनदा. मनकू ओरडला नाही. त्याने माझा हात मात्र असा धरला की बोटं सुन्न झाली.

मी मोजायला बसले. रैनूच्या काचपट्ट्या, मनकूच्या काचपट्ट्या. मोजत गेले आणि आकडे उलटे येऊ लागले. विभागणाऱ्या पेशी मनकूच्या मगजात जास्त होत्या. पुन्हा मोजलं, दिवस बदलून मोजलं. तेच. रोगी पेशींना कसली घाई नव्हतीच. त्या आळशासारख्या कधीतरी दोन होत. पण निरोगी पेशी जन्मते, वाढते, पक्व होऊन कामाला लागते आणि वेळ झाली की जाते. या रोगी मात्र जन्मत, आणि तशाच कच्च्या राहत. काम करायच्या नाहीत, जायच्या नाहीत, नुसती जागा अडवून बसायच्या. हे वाचून कोणाला साहेब आठवले तर माझा इलाज नाही.

दोन माणसांच्या काचपट्ट्यांवरून काही सिद्ध होत नाही, एवढी अक्कल मला होती. पुढे कळलं की बाहेरच्या देशांतही लोकांना असंच दिसू लागलं होतं. पण त्या दिवशी चांद्याच्या खिडकीशी ते मला एकटीला दिसत होतं, आणि मी लहान पोरीसारखी धावत साहेबांच्या खोलीत गेले.

"चुकीचं मोजलंत," साहेब म्हणाले.

"तीनदा मोजलं, साहेब."

"मग काचपट्टी करायला उशीर केलात. पेशी सुईतच विभागून मोकळ्या झाल्या."

"तसं असेल तर मनकूच्याही झाल्या असत्या. दोन्ही मीच केल्या, एकाच रीतीने."

त्यांनी चष्मा पुसला. भाषण टेबलावर होतं, रेशमी फितीने बांधलेलं. "हे बघा बाई, भाषण झालंय लिहून. आपण रैनूचा मगज परत काढू. उद्या काढू, परवा काढू, बरोबर येईस्तोवर काढू."

"त्याला पास कबूल केलाय तुम्ही. त्याच्या भावाने त्यासाठी छाती दिली. त्याला गावी जाऊन नवं करायचं आहे, साहेब. त्याच्याकडे दिवस नाहीत."

"पास?" साहेब हसले. "कसला पास? हे काय जंगल खातं आहे? इथे पास-बिस काही नसतो."

इतका राग मला आयुष्यात पुन्हा आला नाही. आणि त्याच रागात लक्षात आलं, की हा माणूस या हंगामात पहिल्यांदा खरं बोलला. मी ओसरीवर गेले आणि मनकूला सांगितलं, "साहेबांनी स्वतः सांगितलं, इथे पास लागत नाही. उचला त्याला आणि जा."

ते तिघं लगेच उठले. बाजेला दोर बांधून डोली केली. उरलेला जुना तांदूळ मी रैनूच्या उशाशी ठेवला, वाटेत खायला. त्याची नजर माझ्या तपासणीच्या खोलीकडे. "बाई, माह्यं काढलं ते?"

मी आत गेले. त्या काचपट्ट्यांवर माझं सगळं होतं. त्या गेल्या तर मी काय पाहिलं ते कोणाला दाखवता येणार नव्हतं, आणि नुसत्या तोंडी सांगण्यावर चांद्याच्या एका पोरीचं कोण ऐकणार? खिडकीशी उभी राहिले थोडी. मग रैनूच्या आणि मनकूच्या, दोघांच्याही काचपट्ट्या कापसात गुंडाळल्या, वर माझा रुमाल बांधला आणि त्याच्या हातात दिल्या. परत जागेवर टाकता येत नव्हतं, निदान त्याच्याजवळ तरी राहील. त्याने ती पुरचुंडी कमरेला खोचली. मूलकडची बस मिळाली त्यांना. वैनगंगा नावेतून, आणि पुढे खांद्यावर.

साहेबांनी रिकामी खाट पाहिली आणि भाषणात लिहायला सांगितलं, "अशिक्षितपणामुळे रोगी पळून गेला." नागपूरला भाषण झालं. रोगी पेशी भराभर विभागतात, असंच झालं. काचपट्ट्या कुठे आहेत म्हणून एकाही डॉक्टरने विचारलं नाही. हार घातला, नारळ दिला, आणि "वा" म्हणाले. सगळ्यांचे आरसे फिरलेले. मी मागच्या रांगेत बसून शेजारणीला सांगितलं की मोजणी उलटी होती. ती म्हणाली, "हळू बोल, जेवण आहे नंतर." जेवणात नव्या तांदळाचा केशरी भात होता. साहेबांनी तीनदा वाढून घेतला. दसऱ्यापासून त्यांच्या बंगल्यावर नवाच तांदूळ शिजत होता म्हणा.

कार्तिक संपता संपता मनकू आला. ओसरीवर त्याच जागी बसला होता. मी विचारायच्या आधीच म्हणाला, "नवं केलं, बाई. त्याच्याच हातानं केलं. मी मागून धरून बसलो होतो त्याले. गावानं खाल्लं, लेकरायनं खाल्लं, त्यानं बी खाल्लं." आणि मग, "मंग चार दिसानं गेला. काचा त्याच्यासंगं मातीत ठेवल्या. माह्या बी. असू द्या म्हटलं, सोबत होईन."

मनकू माझ्याकडे न बघता झोळीत हात घालत होता. मोहाच्या पानाच्या दोन पुड्या काढल्या, नव्या धानाचे पोहे. एक माझ्या हातात दिली. दुसरीही दिली.

"ही कोणाची?"

"साहेबाची. गायत्याच्या आधी कोण खाते जी? साहेब बी थांबून राह्यला असन. आमच्याच्यानं उशीर झाला, त्याले म्हणा राग नको धरू."

मी पुडी घेतली. मनकूला तिथेच बसवून आत गेले, साहेबांच्या खोलीवरून गेले, दार उघडं होतं, साहेब कुठलासा हार घालून काढलेला आपला फोटो भिंतीवर कुठे लावावा ते बघत होते. मी थांबले नाही. माझ्या खिडकीशी जाऊन बसले आणि दोन्ही पुड्या खाल्ल्या, आधी माझी आणि मग त्यांची. शेवटचा पोहा पानाला चिकटला होता, तोही नखाने काढून खाल्ला. बाहेर येऊन मनकूला सांगितलं, साहेबांनी खाल्लं, गोड लागलं म्हणाले. मनकूचा चेहरा निवला. त्याच्या लेखी एक जण उपाशी राहिला होता, तोही जेवला.

भात झाला आहे. संपादकाला उद्या फोन करून सांगेन की साहेबांवर लिहिण्यासारखं माझ्याकडे काही नाही, त्यांच्या वाटणीचं मी तेव्हाच खाऊन टाकलं.